सुताराचं घर, कुंभाराचं घर



या चातुर्मासात स्थानकात उपासकदशांग सूत्राचं वाचन झालं. दहा श्रावकांपैकी सातवे सद्दालपुत्र. जातीनं आणि धंद्यानं कुंभार. ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. भगवान महावीर त्यांच्या कामाच्या जागी उतरतात. उन्हात वाळत घातलेली मडकी बघून विचारतात, ही प्रयत्नाने झाली की आपोआप? सद्दालपुत्र तेव्हा आजीवक मताचे, म्हणून म्हणतात, आपोआप, जे व्हायचं ते ठरलेलंच असतं. मग भगवंत विचारतात, ही मडकी कुणी येऊन फोडली तर तू काय करशील? तिथं सद्दालपुत्र अडकतात.

मला दरवेळी या कथेतला हिशेब आवडतो. शेवटी मी बी.कॉम.! तीन कोटी सोनं, त्यातलं एक कोटी ठेव म्हणून, एक व्यापारात, एक घरसंसारात, शिवाय दहा हजार गायींचा एक व्रज. किती नीट विभागणी! पण या वर्षी माझं लक्ष दुसऱ्याच एका शब्दावर गेलं. त्यांची पाचशे दुकानं होती, ती पोलासपूर नगराच्या *बाहेर*. इतका श्रीमंत कारागीर, भगवंत ज्याच्याकडे उतरले असा, पण त्याचं काम गावाच्या वेशीबाहेर. महासतीजी पुढे वाचत होत्या आणि मी मनातल्या मनात न्हावऱ्यात फिरत होते. आमच्या गावात कुंभाराचं घर कुठं होतं? सुताराचं? लोहाराचा भाता कुठं चालायचा?

हे डोक्यात यायला घरातलं एक कारण होतं. आमचं जुनं घर पाडायचं ठरलं आहे. मुलाचं बरोबर आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. मागची भिंत फुगली आहे, पावसाळ्यात दोन खोल्यांतून बादल्या मांडाव्या लागतात, आणि माळवदावर माती टाकणारा माणूस आता मिळत नाही. ज्या मुलींनी धाब्याचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर बारीक काठ्यांचं किलचन, त्यावर पाला, आणि त्यावर मातीचा जाड थर. सगळ्यात वर पांढरी माती. ती पाणी धरत नाही, म्हणून दरवर्षी मृगाच्या आत तिचा नवा हात द्यायचा आणि पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार काढायचा. घर मोजायचं ते खणांत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण, पाचएक फुटांचा. आमचं घर अठरा खणांचं. सोपा, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि माजघराच्या भिंतीतच धान्याचं बळद. आमचा धंदाच धान्याचा, त्यामुळे घरात माणसांपेक्षा ज्वारीला जागा जास्त, असं सासूबाई हसून म्हणायच्या.

जुन्या लाकडांचा एक व्यापारी घर बघायला आला. त्याने तुळयांना टिचकी मारली, खांबांचा घेर मोजला आणि पुढच्या दाराच्या चौकटीसमोर उभा राहिला. चौकटीवर वेलबुट्टी आहे, मधे कलश, दोन्ही बाजूंना पोपट. त्याने चौकटीला जो भाव सांगितला तो ऐकून मुलगा माझ्याकडे बघायला लागला आणि मी चौकटीकडे. चाळीस वर्षं मी त्या उंबरठ्यावर रांगोळी काढली, पण चौकट कुणी केली हे मला ठाऊक नव्हतं. व्यापाऱ्यानं विचारलं तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणून मी वह्या काढल्या. आजेसासऱ्यांच्या काळचे रोजमेळ माळ्यावर पेटीत होते. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या लांब वह्या, काही पानं वाळवीनं नेलेली. दोन दुपारी बसले. घर बांधलं त्या वर्षाच्या वहीत सगळं आहे. सागवान पुण्याहून आलं त्याची हुंडेकरी, बैलगाडीचं भाडं, खिळे-कड्या-कोयंडे कुणाकडून घेतले त्याचं नाव, चुना कुणाचा त्याचं नाव, लाकूड ज्या वखारीतून घेतलं तिच्या मालकाचं नाव. ज्यांच्याशी उधारीचा व्यवहार होता त्या सगळ्यांची नावं. आणि सुतार? ‘सुतारास रोज’, ‘सुतारास रोज’, ‘सुतारास रोज व ज्वारी’. पानंच्या पानं. सहा महिन्यांहून जास्त दिवस तो माणूस आमच्या सोप्यात बसून काम करत होता, आणि आमच्या वहीत त्याला नाव नाही.

हिशेबाच्या दृष्टीनं यात चूक काही नाही. रोजच्या रोज पैसे दिले की खातं उघडायची गरज नसते, आणि खातं नसलं की नाव नसतं. मला कॉलेजात हेच शिकवलं होतं. तरी त्या दुपारी मला जरा लाज वाटली.

मैत्रिणींनो, इथं थोडी मागे जाते, चांगली तीन हजार वर्षं.

आमच्याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठी इनामगाव आहे. आमच्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणींना रांजणगावचा गणपती माहीत असतो, पाबळचं पद्ममणी तीर्थ माहीत असतं, मस्तानीची कबर पाबळला आहे हेही आता सिनेमामुळे माहीत झालंय. इनामगाव मात्र कुणाला सांगावं लागतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. त्यांचा सविस्तर अहवाल 1988 साली निघाला. आपल्या देशात इतक्या जुन्या काळातल्या खेडेगावाची इतक्या बारकाईनं पाहणी फार थोड्या ठिकाणी झाली आहे. सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात माझ्या नातवाला इनामगाव होतं, आणि तो मला विचारत होता, आजी, हे तुमच्या गावाजवळचंच का?

तिथं इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराला लोक राहायला आले आणि 700 च्या सुमारापर्यंत राहिले. नऊशे वर्षं एका जागी गाव. आपले भगवान महावीर इसवी सनापूर्वी 599 मध्ये जन्मले, म्हणजे इनामगाव ओस पडल्यानंतर शंभरएक वर्षांनी. मधल्या चारशे वर्षांच्या काळाला जोर्वे संस्कृती म्हणतात. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं, कारण तिथं त्या प्रकारची भांडी आधी सापडली. लाल भांडं, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, आणि नळीसारखी तोटी. आपल्या झारीची पणजीच म्हणा.

उत्खननात शंभराहून जास्त घरं उघडी पडली. जोर्वे काळातली चांगल्या दिवसांतली घरं लांबट चौकोनी, ओळीत बांधलेली, दोन ओळींत साधारण दीड मीटरची बोळ. मातीच्या ठेंगण्या भिंती, वर कूड आणि गवताचं छप्पर. जमीन सारवलेली. धान्याच्या कणग्या ठेवायला घरात मातीचे गोल ओटे. वर्णन वाचताना मला परकं काही वाटेना. कणगीखाली ओटा आमच्याही मागच्या पडवीत होता, उंदीर आणि ओल लागू नये म्हणून.

गावाच्या मधोमध सगळ्यात मोठं घर, पाच खोल्यांचं. शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घातलेल्या अवस्थेत, एका पुरुषाला पुरलेलं सापडलं. तो गावचा मुखिया असावा आणि कोठारात गावाकडून आलेलं धान्य साठवत असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज. भोवतीनं खात्यापित्या शेतकऱ्यांची घरं. आणि पश्चिमेच्या कडेला? कुंभार, सोनार, चुना भाजणारा म्हणजे आपल्याकडचा लोणारी, मणी करणारा, हस्तिदंताचं काम करणारा. ही कारागिरांची घरं होती हे भट्ट्यांवरून आणि कामाच्या खुणांवरून ओळखता आलं. ती मधल्या घरांपेक्षा लहान होती.

पोलासपूरच्या बाहेरची पाचशे दुकानं मला पुन्हा आठवली. कडेला असण्याला कारणंही असतील. भट्टीचा धूर, आगीची भीती. गवताच्या छपराच्या गावात भट्टी मधोमध कोण ठेवू देईल? वाऱ्याचा विचार असेल, मातीची नि पाण्याची सोय असेल. पण धूर मणी करणाऱ्याच्या घरातून निघत नाही, तरी तोही कडेलाच होता.

मी तिथं जाऊन आले. मुलाला सुट्टी होती, गाडी काढली. जाऊन बघण्यासारखं तसं काही नाही हे आधीच सांगते, नाहीतर कुणी खास जायची आणि मला बोलायची! शेतं, बाभळी आणि खाली नदी. तिथल्या वस्तू बघायच्या तर पुण्याला येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं. पण एक गोष्ट मला तिथं उभं राहिल्यावरच कळली. आपल्या बोलण्यात काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यानपिढ्या राख, शेण, पडक्या भिंती मुरून वस्तीची माती पांढुरकी होते. जुन्या गावठाणांच्या टेकाडांवरची हीच पांढरी माती लोक वर्षानुवर्षं माळवदाला खोदून नेत आले. आमच्या घराची पांढरी नदीकाठच्या एका टेकाडावरून गाड्या भरून आणली होती, असं सासूबाई सांगायच्या. कुठलं टेकाड ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुणाच्या तरी पडलेल्या घरांची माती आमच्या डोक्यावर छप्पर होऊन बसली होती, एवढं मात्र खरं.

इनामगावच्या अहवालातली एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. तिथं दगावलेल्या लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीत पुरत. जवळ छोटी भांडी ठेवत. सापडलेल्या दफनांत बहुतेक मुलांचीच. म्हणजे त्या मडक्यांतली काही कुंभाराच्या बायकोनं आपल्या हातांनी वाळवलेली असणार. सासूबाईंची दोन मुलं दीड-दोन वर्षांची होऊन गेली होती. त्या कधी बोलल्या नाहीत, पण संक्रांतीला सुगडं आली की त्यातली दोन वेगळी काढून ठेवायच्या. का, ते मी विचारलं नाही.

(हाडांचंही बरंच काही तिथं सापडलं आहे, जनावरं मारून खाल्ल्याचं. ते मी वाचलं आणि पान उलटलं. शेतीत गहू, जव, कडधान्यं, तीळ होतं, बोरं-जांभळं-आवळे होते, आणि कालव्यानं पाणी वळवून आणण्याची अक्कल होती, हेही त्याच पानांत आहे.)

इसवी सनापूर्वी 1000 नंतर पाऊसमान बिघडलं असावं असं सांगतात. चौकोनी मोठी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. दुष्काळ आला की आधी घर लहान होतं, हे शिरूर-दौंडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. 1972 सालानंतर आमच्या गावातून कितीतरी कुटुंबं पुण्याच्या बाजूला गेली, त्यात कारागीर आधी गेले. शेतकऱ्याला जमीन धरून ठेवते. सुताराला काय धरून ठेवणार?

आपल्या धर्मात कारागिराची जागा कुठं आहे हे मी याच निमित्तानं पुन्हा वाचलं. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प शिकवलं हे आपण पाठशाळेत म्हणतो. आपल्या श्वेतांबर ग्रंथांत त्याची एक गोड गोष्ट आहे. पहिल्यांदा अग्नी प्रकट झाला, तेव्हा लोक धान्य सरळ आगीत टाकायचे आणि ते जळून जायचं. ऋषभदेव हत्तीवर बसलेले होते. त्यांनी ओली माती मागवली, हत्तीच्या गंडस्थळावर ठेवून थापली आणि भांड्याचा आकार दिला. म्हणाले, यात शिजवा. सगळ्यांत पहिलं शिल्प कुंभाराचं. वाणिज्य, म्हणजे आपण, नंतर.

पुण्यात नणंदेकडे गेले तेव्हा कसब्यातल्या तांबट आळीत मुद्दाम जाऊन आले. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट तिथं वसले. जुनी घरं अशी की पुढे कामाची जागा, आत आणि वर संसार. आवाज आधी येतो, घर मागाहून दिसतं. तांब्याच्या भांड्यावर ठोक्याठोक्यानं जे चकाकते खळगे पाडतात त्याला माठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कठीण होतो आणि भांडं टिकतं. आपल्या लग्नात आलेल्या घागरी-बंबांवर ते हात फिरवून बघा. एका घरातली वहिनी म्हणाली, ठोक्यांचा आवाज थांबला की तान्हं मूल जागं होतं. गावगाड्यात कारागीर कडेला आणि शहरात पेठेच्या पोटात, एवढा फरक मला तिथं दिसला. शहरात गिऱ्हाईक रोज लागतं.

आता आमचा सुतार. शोधायला फार लांब जावं लागलं नाही, लाज त्याचीच जास्त. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला त्यांचं घर. सून आहे, माझ्याच वयाची. आम्ही एका गावात चाळीस वर्षं राहिलो, हळदीकुंकवाला एकमेकींकडे आलो गेलो, पण त्या उंबऱ्याच्या आत मी बसले ती पहिल्यांदाच. घर तीन खणांचं. पुढची पडवी म्हणजे त्यांचं कामाचं ठिकाण. अजून तिथं वाकस टांगलेला आहे, रंधा आहे, आणि जमिनीत पुरलेला बाभळीचा ठोकळा, ज्यावर गाडीचे आरे तासायचे. तो इतका झिजलाय की मधे खळगा पडलाय. ऊसगाड्यांना रबरी टायर आले, घोडगंगा कारखान्याच्या रस्त्यावर तशाच गाड्या दिसू लागल्या, आणि लाकडी चाकाचं काम बंद झालं. नांगर लोखंडी झाले. मुलगा आता रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे.

मी चौकटीचं विचारलं. त्या म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांनीच केली की. तुमच्याकडं रोजावर होते ना. बलुत्यात नव्हतं ते.” हेही मला माहीत नव्हतं. शेतकऱ्याची अवजारं दुरुस्त करायची ती बलुत्यावर, सुगीला धान्य मिळायचं. घरबांधणी वेगळी, तिला रोज. मग त्या म्हणाल्या, “पोपट त्यांना बोलले होते नको म्हणून. तुमच्या आजेसासऱ्यांनी. खर्च वाढतो म्हणून. त्यांनी रात्री कंदील लावून केले, त्याचा रोज नाही लावला.”

मी घरी येऊन वही पुन्हा उघडली. रोज संपल्याच्या तारखेनंतर काही नाही. बरोबरच आहे. न लावलेला रोज वहीत कसा येणार?

निघताना मी त्यांच्या दाराकडे बघितलं. साध्या फळ्यांचं, खोक्याच्या लाकडाचं, चौकटीला रंधासुद्धा नीट मारलेला नाही. त्यांनी माझी नजर ओळखली. “स्वतःच्या घराचं राहूनच गेलं,” म्हणाल्या आणि चहा पुढे केला.

घर दिवाळीनंतर पाडायचं आहे, त्यात बदल नाही. तुळया आणि खांब व्यापाऱ्याला जाणार, बळदाची फरशी नव्या स्वयंपाकघरात घालायची आहे. चौकटीवरून घरात दोनदा बोलाबोली झाली. मुलगा म्हणाला, नव्या दाराची उंची वेगळी आहे, बसणार नाही. मी म्हटलं, सुताराला विचारून बघ. म्हणून रविवारी सुतारकाकूंचा मुलगा आला होता. कंपनीतला माणूस, खिशात मोबाईल आणि मोजायची टेप. त्यानं चौकट आतून बाहेरून बघितली, वरच्या पट्टीच्या मागं हात घालून सांधा चाचपला आणि म्हणाला, खिळा एकही नाही, उकलून पुन्हा बसेल, खालून चार इंच जोड द्यावा लागेल. मग पोपटांपाशी थांबला. डावा पोपट उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, हे मला त्यानं दाखवल्यावर दिसलं.

तो रोज किती घेणार ते विचारलं तर सांगेना. मी म्हटलं, या वेळी खातं उघडते, नावासकट. लक्ष्मीपूजनाला नवी वही सुरू होईल, तिच्या पहिल्या पानावर त्याच्या आजोबांचं नाव आणि खाली त्याचं लिहायचं ठरवलं आहे. ती नावं इथं लिहीत नाही, काकू नको म्हणाल्या. म्हणाल्या, “तुमच्या वहीत लिहा, तेवढं पुरे.”